पॉइंट्सवर प्रवास: आधी जागा शोधावी की आधी पॉइंट्स वळते करावेत?

दूरचीवाट

नमस्कार. पुढच्या वर्षी आई-वडिलांना सोबत घेऊन आम्ही पाच जण लांबच्या प्रवासाला निघणार आहोत. दोन-तीन ठिकाणे विचारात आहेत आणि त्यात युरोपातले शेंगेन देशही (एकाच व्हिसावर फिरता येणारे) आहेत. आई-वडिलांचा हा पहिलाच विमानप्रवास आहे आणि वडिलांचे गुडघे पाहता तो आणखी पुढे ढकलणे योग्य नाही, यावर घरात सर्वांचे एकमत झाले आहे.

खर्चाचा अंदाज मांडायला बसले तेव्हा एकूण रकमेचा निम्म्याहून मोठा भाग विमानाच्या तिकिटांचाच निघाला, आणि गेली कित्येक वर्षे न वापरता पडून राहिलेल्या पॉइंट्सची आठवण झाली. माझ्या क्रेडिट कार्डावर बऱ्यापैकी पॉइंट्स साठले आहेत, नवऱ्याच्या नोकरीतल्या फिरतीमुळे एका विमान कंपनीच्या खात्यात माइल्स, म्हणजे त्या कंपनीचे पॉइंट्स, आहेत, आणि एका हॉटेल साखळीच्या खात्यातही थोडेफार आहेत. कार्ड देणाऱ्या बँकेकडून परवा निरोप आला की महिनाअखेरपर्यंत पॉइंट्स विमान कंपनीकडे वळते केले तर वीस टक्के जास्त मिळतील. माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे की ही संधी सोडू नये आणि सगळेच वळते करून टाकावेत. प्रवासाच्या तारखा अजून पक्क्या नाहीत. अशा वेळी काय करावे? आणि मुळात पाच जणांची तिकिटे पॉइंट्सवर मिळणे कितपत शक्य असते? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

सांजवेळ

वळते करू नका. आपला धागा वाचून लगेच लिहायला बसलो, कारण नेमकी हीच चूक मी केली होती.

रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि परतीच्या विमानात पॉइंट्सवर मिळणाऱ्या दोन जागा पडद्यावर स्पष्ट दिसत होत्या. मी बँकेच्या पानावर पॉइंट्सचा आकडा भरला, ओटीपी घातला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेली ओळ नंतर वाचली: जमा होण्यास दोन ते पाच कामाचे दिवस लागतील. पुढचे तीन दिवस मी दिवसातून पाच-सहा वेळा खाते उघडून पाहत होतो. चौथ्या दिवशी सकाळी माइल्स जमा झाले आणि त्याच तारखेला शोध घेतला तर एकही जागा उरलेली नव्हती. बँकेला फोन केला तेव्हा कळले की एकदा वळते केलेले पॉइंट्स कोणत्याही कारणाने परत येत नाहीत. त्या कंपनीच्या माइल्सना तीन वर्षांची मुदत होती. त्यातले निम्मे कसेबसे एका छोट्या प्रवासाला वापरता आले आणि उरलेले डोळ्यांदेखत बाद झाले.

बँकेच्या खात्यात असेपर्यंत आपले पॉइंट्स दहा कंपन्यांपैकी कोणाकडेही जाऊ शकतात. वळते केल्यावर ते एकाच कंपनीचे होऊन बसतात. वीस टक्के बोनसपेक्षा ही मोकळीक मला जास्त मोलाची वाटते. जागा नक्की दिसत असेल, तारीख ठरलेली असेल आणि त्याच वेळी बोनस चालू असेल तर तो आनंदाने घ्यावा. जागा नसताना केवळ बोनससाठी वळते करणे म्हणजे कुठे जाणार हे ठरण्याआधीच भाडे भरून बसणे आहे.

एक गोष्ट मात्र आजच करून ठेवा. बँक परवानगी देते तेवढे कमीत कमी पॉइंट्स एकदाच वळते करून पाहा. त्यामुळे दोन्ही खात्यांतली नावे जुळतात की नाही आणि पॉइंट्स पोहोचायला प्रत्यक्षात किती दिवस लागतात, हे दोन्ही आधीच कळेल.

हिशेबवही

सांजवेळ यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. त्याच्याही आधीची पायरी हिशेबाची आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने मांडतो.

पॉइंट्सना स्वतःची अशी किंमत नसते. आपण ते कशासाठी वापरतो त्यावर ती ठरते. समजा, एका तिकिटाची रोख किंमत ४८,००० आहे, चलन कोणतेही धरा. तेच तिकीट ३०,००० माइल्स आणि वर १२,००० कर व अधिभार भरून मिळते आहे. म्हणजे माइल्समुळे आपले प्रत्यक्षात ३६,००० वाचले आणि एका माइलला १.२ इतका भाव मिळाला. तेच पॉइंट्स कार्डाच्या बिलात वळते केले असते तर बँकेने प्रत्येकी ०.३ दिले असते, असे धरले तर विमानाचे तिकीट चौपट फायद्याचे ठरते. पण रोख किंमत २१,००० पर्यंत उतरली, तर वाचतात फक्त ९,००० आणि भाव ०.३ वर येतो. अशा वेळी रोख पैसे देऊन तिकीट काढावे आणि पॉइंट्स राखून ठेवावेत. रोखीच्या तिकिटावर नवे माइल्स मिळतात आणि अवॉर्ड तिकिटावर, म्हणजे माइल्स देऊन काढलेल्या तिकिटावर, सहसा मिळत नाहीत, हेही हिशेबात धरावे.

या आकडेमोडीत एक फसगत नेहमी होते. बिझनेस वर्गाच्या तिकिटाची रोख किंमत प्रचंड असते, त्यामुळे माइल्सचा भाव कागदावर डोळे दिपवणारा दिसतो. परंतु ते तिकीट आपण रोख पैसे देऊन कधी घेतलेच नसते, तर ती रक्कम वाचली असे म्हणता येणार नाही. आपण खरोखर जे तिकीट घेतले असते त्याच्याशीच तुलना करावी. वडिलांच्या गुडघ्यांसाठी आडवे होता येणारी जागा हवी असेल तर ती गरज म्हणून जरूर घ्यावी, पण तिला बचत म्हणू नये.

भाव कायम राहत नाही, हेही ध्यानात असू द्या. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली माइल्सची योजना सुरू केली आणि त्याच महिन्यात युनायटेडनेही केली. तेव्हा जितके मैल उडाल तितके माइल्स, असा साधा हिशेब होता. २०१५ मध्ये डेल्टा व युनायटेडने आणि २०१६ मध्ये अमेरिकनने तो बदलून तिकिटावर खर्च केलेल्या रकमेवर माइल्स द्यायला सुरुवात केली. खर्च करण्याच्या बाजूलाही तेच झाले आहे. कुठून कुठे जायला किती माइल्स लागतील याचा ठरलेला तक्ता डेल्टाने २०१५ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये काढून टाकला. आता मागणीप्रमाणे आकडा रोज बदलू शकतो. म्हणून वर्षानुवर्षे साठवत राहणे हे पैसे साठवण्यासारखे नाही. पैशांवर निदान व्याज तरी मिळते.

पाऊलखुणा

वरच्या दोन्ही प्रतिसादांना दुजोरा देऊन आता शोध कुठे घ्यावा याबद्दल लिहिते.

ज्या कंपनीचे माइल्स आहेत त्याच कंपनीच्या विमानाने जावे लागते, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. विमान कंपन्यांचे तीन मोठे गट आहेत: १९९७ मध्ये सुरू झालेला स्टार अलायन्स, १९९९ मधला वनवर्ल्ड आणि २००० मधला स्कायटीम. एका कंपनीचे माइल्स तिच्या गटातल्या इतर कंपन्यांच्या विमानांतही वापरता येतात. म्हणून आपल्या पतींचे माइल्स ज्या कंपनीचे आहेत ती कोणत्या गटात आहे, हे सर्वप्रथम पाहा. तेही आजच्या तारखेला पाहा, कारण कंपन्या गट बदलतात. एसएएस ही स्टार अलायन्सच्या पाच संस्थापक कंपन्यांपैकी एक होती, पण १ सप्टेंबर २०२४ पासून ती स्कायटीममध्ये गेली.

दुसरा मुद्दा अधिभाराचा आहे आणि माझ्या मते पैसे खरे तिथेच वाचतात किंवा जातात. अवॉर्ड तिकीट म्हणजे फुकट तिकीट नव्हे. विमानतळाचे आणि सरकारचे कर सर्वांनाच भरावे लागतात, पण त्याखेरीज काही कंपन्या स्वतःचा इंधन अधिभारही लावतात आणि लांबच्या प्रवासात तो कधीकधी रोख तिकिटाच्या जवळ जातो. गंमत अशी की त्याच विमानातली तीच जागा वेगवेगळ्या कंपन्यांचे माइल्स देऊन घेता येते आणि अधिभार वेगवेगळा पडतो. लुफ्थान्साची जागा लुफ्थान्साच्याच योजनेतून घेतली तर हा अधिभार भरावा लागतो. युनायटेडच्या माइल्सवर तीच जागा घेतली तर तो लागत नाही, फक्त कर लागतात. म्हणून पॉइंट्सचा आकडा पाहून निर्णय करू नका. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जा, तिथली एकूण रक्कम लिहून घ्या आणि मग दोन-तीन योजनांची तुलना करा.

एव्हिओस हे माइल्ससारखे चलन ब्रिटिश एअरवेज, इबेरिया, एअर लिंगस, कतार एअरवेज आणि फिनएअर या सगळ्यांत चालते आणि या खात्यांमध्ये एकास एक दराने हलवता येते. कुणाकडे दोन-तीन ठिकाणी तुटपुंजे एव्हिओस पडले असतील तर ते एकत्र करण्याचा हा चांगला मार्ग आहे.

दूरचीवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी पाच प्रवाशांसाठी शोध घेऊन पाहिला आणि चार आठवड्यांतल्या एकाही तारखेला जागा दिसली नाही. त्यामुळे थोडी निराश झाले आहे. पाच जणांसाठी हा मार्गच नाही, असे समजावे का?

पाऊलखुणा

अजिबात समजू नका. पाच हा आकडा घालून शोधले की पाचही जागा एकदम मोकळ्या असल्या तरच उत्तर येते. कंपन्या एका विमानात पॉइंट्ससाठी बऱ्याचदा दोन-चारच जागा मोकळ्या करतात, म्हणून आधी एका प्रवाशासाठी शोधा, मग दोन, मग तीन. किती जागांनंतर उत्तर बंद होते ते पाहिले की त्या दिवशी प्रत्यक्षात किती जागा आहेत ते कळते. जिथे मागणीप्रमाणे आकडा बदलतो तिथे पाच जागा एकत्र मागितल्यावर पाचही जागांना महागडा दर लागू शकतो आणि दोन अधिक तीन असे तोडल्यावर पहिल्या दोन स्वस्त पडतात.

सर्व पाच तिकिटे पॉइंट्सवर काढण्याचा हट्टही धरू नका. तीन पॉइंट्सवर आणि दोन रोखीने, तेही एकाच विमानात, हा अगदी चांगला तोडगा आहे.

शोधाची वेळही महत्त्वाची आहे. बहुतेक कंपन्या प्रवासाच्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी आरक्षण खुले करतात. जाण्याची तारीख खुली झाली तरी तीन आठवड्यांनंतरची परतीची तारीख तेव्हा खुली झालेली नसते. म्हणून अनेक जण जाण्याचे तिकीट एकतर्फी काढून ठेवतात आणि परतीचे तीन आठवड्यांनी काढतात. बऱ्याच योजनांत एकतर्फी अवॉर्ड तिकिटाला परतीच्या तिकिटाच्या निम्मेच माइल्स लागतात, त्यामुळे तोटा होत नाही.

उंबरठा

तिकिटे तोडून काढणार असाल तर मला एक कळकळीची विनंती करायची आहे. आई-वडिलांपैकी प्रत्येक जण तुमच्यापैकी निदान एकासोबत एकाच आरक्षण क्रमांकात असला पाहिजे. दोघांचेच वेगळे आरक्षण करून तुम्ही तिघे दुसऱ्यात, असे मुळीच करू नका. विमान रद्द झाले किंवा जोडविमान चुकले तर कंपनी प्रत्येक आरक्षणाची सोय स्वतंत्रपणे लावते. पहिल्यांदाच प्रवास करणारी दोन वयस्कर माणसे एका विमानात आणि बाकीचे दुसऱ्या दिवशीच्या विमानात, ही वेळ मी एका कुटुंबावर आलेली पाहिली आहे. आरक्षण झाल्यावर कंपनीला फोन करून दोन्ही क्रमांक एकमेकांशी जोडल्याची नोंद करून घ्यावी. त्याने हमी मिळत नाही, पण बदल करताना कर्मचाऱ्याला समोर दिसते.

वडिलांसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी आताच नोंदवून ठेवा. तिला वेगळे शुल्क नसते, पण निदान ४८ तास आधी कळवावे लागते आणि दोन आरक्षणे असतील तर ती नोंद ज्या आरक्षणात वडील आहेत त्यातच व्हायला हवी.

नावांबद्दलही लिहितो. माइल्सच्या खात्यातले, तिकिटावरचे आणि पासपोर्टवरचे नाव अक्षरशः एक असावे. माझ्या आईच्या पासपोर्टवर नावात एक ए जास्त होता आणि माइल्सच्या खात्यात तो नव्हता. दुरुस्तीसाठी कंपनीने पासपोर्टची प्रत मागवली आणि त्यात नऊ दिवस गेले. नऊ दिवसांत हवी ती जागा निघून जाऊ शकते.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो, पासपोर्ट मागील दहा वर्षांत दिलेला असावा लागतो आणि परतीच्या ठरलेल्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध असावा लागतो. वैद्यकीय खर्चाचा निदान ३०,००० युरोंचा विमाही लागतो. तिकीट वर्षभर आधी आणि व्हिसा सहा महिने आधी, असा हा उलटा क्रम आहे. इथे अवॉर्ड तिकिटांचा जो फायदा होतो त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. स्वस्त रोख तिकीट रद्द केले तर बहुधा जवळपास काहीच परत मिळत नाही. अवॉर्ड तिकीट रद्द केले तर अनेक योजनांत ठरावीक शुल्क घेऊन माइल्स खात्यात परत येतात. अमेरिकन आणि युनायटेड या कंपन्या तर विमान सुटण्याआधी रद्द केल्यास माइल्स परत जमा करायला शुल्कच घेत नाहीत. व्हिसा मिळेल की नाही ही धाकधूक असताना ही सोय मोलाची आहे. मात्र परत आलेल्या माइल्सची मूळ मुदत संपली असेल तर काय होते, हे त्या योजनेच्या नियमांत आधीच वाचून ठेवा.

हिशेबवही

मुदतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सगळ्या योजनांची मुदत सारखी चालत नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेचे माइल्स मिळाल्यापासून ३६ महिन्यांनी बाद होतात, मग खात्यात काही हालचाल असो वा नसो. ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिओसला ३६ महिने आणि मॅरियट या हॉटेल साखळीच्या पॉइंट्सना २४ महिने कसलीच हालचाल नसेल तरच ते जातात. डेल्टा आणि युनायटेडचे माइल्स बाद होत नाहीत. पतींच्या खात्यातले माइल्स कोणत्या प्रकारात बसतात ते पाहून आधी तेच खर्च करावेत, आणि कार्डाचे पॉइंट्स कमी पडतील तेवढेच वळते करावेत.

खिडकीजवळ

हॉटेलबद्दल अजून कुणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. हॉटेलचे पॉइंट्स विमानाच्या माइल्समध्ये बदलू नका. मॅरियटमध्ये बहुतेक विमान कंपन्यांसाठी तीन पॉइंट्सना एक माइल मिळतो आणि हा सौदा क्वचितच परवडतो. त्याऐवजी मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर चार रात्रींचेच पॉइंट्स लागतात, म्हणून चार रात्रींचा बेत असेल तर पाचवी जोडता येते का ते पाहा. काही हॉटेले खोलीच्या दराखेरीज रोजची रिसॉर्ट फी आकारतात. संपूर्ण मुक्काम पॉइंट्सवर असेल तर हिल्टन आणि हयात ती घेत नाहीत, मॅरियटमध्ये मात्र ती भरावी लागू शकते. आणि पाच जण एका खोलीत बसत नाहीत, हे आरक्षणाच्या पानावर प्रवाशांची खरी संख्या घालूनच पाहावे.

पायरी

मी एका वेगळ्या बाजूने लिहितो आणि हे लिहिणे मला आवश्यक वाटते. वर्षभरात आणखी पॉइंट्स जमवायचे म्हणून नवे कार्ड घेण्याचा मोह होईल, कारण पहिल्या तीन महिन्यांत अमुक इतका खर्च केला तर भरघोस पॉइंट्स, असे प्रस्ताव सगळीकडे असतात. दर महिन्याचे बिल शेवटच्या पैशापर्यंत मुदतीत भरण्याची सवय असेल तरच त्या वाटेला जावे. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली तर क्रेडिट कार्डाचे व्याज कोणत्याही पॉइंट्सच्या मोलाहून कितीतरी जास्त होते. माझ्या धाकट्या भावाने दोन तिकिटांपुरते पॉइंट्स जमवताना जे व्याज भरले, त्यात तीच दोन तिकिटे रोखीने आली असती.

विम्याचे हप्ते, मुलांची फी, घरदुरुस्ती यांसारखा आधीच ठरलेला खर्च त्या तीन महिन्यांत बसतो का, एवढेच पाहावे. पॉइंट्ससाठी म्हणून नवी खरेदी करू नये. बाहेरदेशी कार्ड वापरताना यंत्रावर आपल्या चलनात रक्कम दाखवू का असे विचारले, तर नाही म्हणून तिथल्याच चलनात व्यवहार करावा. दुकानाचा दर जवळजवळ नेहमीच महाग असतो आणि पॉइंट्समधून मिळालेले तिथे निघून जाते.

सांजवेळ

आणखी एक, म्हणजे मग मी थांबतो. अवॉर्ड तिकिटाचे विमान उशिरा गेले किंवा रद्द झाले तर आपल्याला हक्क नाही, असे काउंटरवर सांगितले जाते आणि लोक मुकाट्याने परत फिरतात. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात माइल्सच्या योजनेतून दिलेली तिकिटे स्पष्टपणे धरलेली आहेत. युरोपीय संघातून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला आणि बाहेरून तिथे येणाऱ्या संघातल्या कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. कंपनीच्या आवाक्यातल्या कारणाने विमान ऐनवेळी रद्द झाले किंवा तीन तासांहून उशिरा पोहोचले तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते.

दूरचीवाट

सहा आठवड्यांनी परत लिहिते आहे, क्षमस्व. बोनसची मुदत मी जाऊ दिली. सहकाऱ्याला ते पटले नाही, पण मला रात्री शांत झोप लागली.

सर्वांनी सांगितल्याप्रमाणे कमीत कमी पॉइंट्स आधी वळते करून पाहिले. ते तिसऱ्या दिवशी पोहोचले. नवऱ्याच्या खात्यातल्या माइल्सपैकी काहींची मुदत पुढच्या मार्चमध्ये संपत होती, म्हणून शोध तिथूनच सुरू केला. एक-एक प्रवासी घालून शोधताना एका बुधवारी तीन जागा दिसल्या. गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरही त्याच तीन जागा दिसत होत्या. ज्या कंपनीचे माइल्स आहेत तिला मी फोन करून जागा रोखून ठेवता येतील का असे विचारले, आणि त्या कंपनीने त्या पाच दिवस धरून ठेवल्या. ते मला फार मोलाचे वाटले, कारण कमी पडणारे पॉइंट्स वळते करायला तेवढा वेळ पुरला. आई, वडील आणि मी अशी तीन तिकिटे माइल्सवर झाली. नवरा आणि मुलगी यांची तिकिटे त्याच विमानात रोखीने काढली. हिशेबवही यांच्या पद्धतीने माइलचा भाव १.१ च्या आसपास आला. रोखीच्या दोन तिकिटांवर जे नवे माइल्स मिळतील ते नवऱ्याच्या आणि मुलीच्या खात्यांत पडतील.

दोन्ही आरक्षणे जोडून घेतली आहेत आणि चाकाच्या खुर्चीची नोंद झाली आहे. एक प्रश्न उरला आहे. माइल्सच्या तीन तिकिटांचा आरक्षण क्रमांक प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला तर नावे दिसतात, पण तिकीट क्रमांकाची जागा रिकामी आहे. काळजीचे कारण आहे का?

पाऊलखुणा

नक्कीच आहे, आणि आजच फोन करा. भागीदार कंपनीच्या विमानात आरक्षण झाले तरी तिकीट निघाले नसेल तर जागा काही दिवसांनी आपोआप सुटते. ज्या कंपनीचे माइल्स दिले त्यांना तेरा आकडी तिकीट क्रमांक विचारा, प्रत्येक प्रवाशाचा वेगळा, आणि तो लिहून घेऊन विमान चालवणाऱ्या कंपनीकडे ताडून पाहा.

दूरचीवाट

फोन केला. दोन तिकिटे निघाली होती, वडिलांचे अडकले होते. कर्मचारी बाईंनी मी फोनवर असतानाच ते काढून दिले आणि तिन्ही क्रमांक वाचून दाखवले. आता दुसऱ्या संकेतस्थळावरही तिन्ही दिसत आहेत.